पोटात दाणा पाहिजे

जव्हारच्या प्रदर्शनात आमच्या स्टॉलला जागा मिळाली ती मिक्सरवाला आणि पॉवर टिलरवाला यांच्या मधोमध. आमच्याकडे विकायला काहीच नव्हतं. आम्ही बिनपगारी, फुल अधिकारी. पाड्यापाड्यांवर फिरून गरोदर बायांना खाणंपिणं सांगतो, बाळांची वजनं करतो. स्टॉलवर कापडाच्या दोन बाहुल्या ठेवतो, एक भरल्या वजनाच्या बाळाएवढी, दुसरी कमी वजनाच्या. येणाऱ्याने दोन्ही उचलून बघायच्या. हाताला फरक कळला की पुढचं बोलणं सोपं जातं.

या बाहुल्यांच्या पोटात नागली, म्हणजे नाचणी, आहे. बाहुल्या शिवायला घेतल्या तेव्हा शहरातून आलेल्या ताईंनी वाळू भरायला सांगितलं होतं. माझ्यासोबत काम करणाऱ्या खोडाळ्याच्या मावशींनी सुई खाली ठेवली. "बालाच्या पोटात रेती? मी नाय भरनार. पोटात दाना पायजे." तेव्हापासून नागलीच. प्रदर्शन संपलं की शिवण उसवायची आणि दाणा दळायला द्यायचा, नाहीतर कीड लागते.

त्या वर्षी मी स्टॉलवर उभी राहिले तेव्हा माझं बाळ जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. सातव्या महिन्यातच झालं, रडलंच नाही. मी शुद्धीवर आले तोवर घरच्यांनी मातीही दिली होती. नवरा ठाण्याला कामावर परत गेला. घरात बसून करायचं काय, म्हणून आले. मन भरून येत होतं वगैरे लिहिलं तर ते खोटं होईल. काहीच होत नव्हतं. वडापावसुद्धा कागद चावल्यासारखा लागला.

एवढंच केलं की बाहुल्यांना हात लावला नाही. "घ्या, तुम्हीच उचला," असं लोकांना म्हणत राहिले. मावशींच्या ते लक्षात आलं असणार. बाहुली खाली पडली की मुकाट्याने त्याच उचलायच्या.

शेजारी मिक्सरवाला भोंग्यावर 'एक पे एक फ्री' ओरडत होता. ते ऐकून आलेल्या एका गृहस्थाने आमच्या दोन्ही बाहुल्या तंगडीला धरून उचलल्या. "इथं पन एकावर एक फ्री का?" त्याची बायको म्हणाली, "ही बारकी हाये, हिचं कमी लावा." सगळे हसले. मीही हसले. मग गरोदरपणी काय खावं, किती आराम करावा, ते त्यांना घडाघडा सांगितलं. मी स्वतः ते सगळं केलं होतं. तेव्हा मला राग यायला हवा होता, कुणाचा तरी. तोही आला नाही.

संध्याकाळी आवराआवर सुरू झाली. मावशींनी मोठ्या बाहुलीची शिवण ब्लेडने उसवली, नागली पिशवीत ओतली आणि लहान बाहुली जवळ ओढली.

"ही राहू दे," मी म्हणाले.

"कीड लागंल गो."

"लागू दे."

मावशींनी ब्लेड ठेवून दिलं. बाहुली टॉवेलात गुंडाळून माझ्यापुढे धरली. "घे. मान धर."

माझा हात आपोआप मानेखाली गेला. वजन ठाऊक होतं, तरी इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. ट्रंकेत ठेवायची होती, पण मी ठेवली नाही. तशीच घेऊन जीपमध्ये बसले. मावशी पुढे ड्रायव्हरजवळ, मी मागे.

मोखाड्याच्या वाटेवर जीप खच्चून भरली. पोशेऱ्याची एक बाई अंग चोरून सरकली, मला टेकायला जागा केली. दिवेलागण झाली होती, आत अंधार होता. तिने टॉवेलावर हळूच हात ठेवला.

"गप निजलाय," ती म्हणाली. "किती महिन्याचं गो?"

"सातव्या महिन्याचं," मी म्हणाले, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.