दादाचा पार्टनर

१९५८, माघातला सोमवार. वाडीत हजर: मी, आई, मुंबईहून आलेला दादा, आणि पोफळीवर चढणारे दोन पाडेली. पाडेल्यांना मी बोलावलं नव्हतं.

आधी ‘पार्टनर’ या शब्दाविषयी. श्रीवर्धनला आमच्याकडे तो नव्हता. वाडीत भागीदार म्हणत, होडीवर वाटेकरी. दादाने तो कचेरीतून आणला. मुंबईत म्हणे पत्त्यांतला भिडू पार्टनर आणि खोलीत राहणारा सोबतीही पार्टनर. वडील गेल्यावर दादा मला म्हणाला, “वाडी तू बघ. आजपासून आपण पार्टनर.” मला शब्द आवडला. शाळेतल्या जाड इंग्रजी शब्दकोशात मी तो काढून पाहिला. मूळ लॅटिन, वाटणीवरून आलेलं. फ्रेंचमधून इंग्रजीत शिरताना अर्थ झाला एकाच वारशाचे हिस्सेदार. म्हणजे आम्हीच की! मी खूश झाले.

पाणी, शेणखत, सुपारी वाळवणं, सगळं मी पाहत होते. बियाण्यासाठी निवडलेल्या पोफळींना चुन्याचा पट्टा ओढायचा आणि फळ झाडावरच पुरतं पिकू द्यायचं, ही आमच्याकडची रीत. त्या सोमवारी एक पाडेली नेमका पट्ट्याच्या झाडावर होता.

“अरे, उतर खाली! ते बियाण्याचं आहे.”

“आता कसलं बियाणं, बाय? शेटनं मक्ता घेतलाय. वाडीत हाय ते समदं त्याचं.”

“दिला कोणी?”

त्याने वरूनच हनुवटीने दादाकडे दाखवलं.

“अगं, किती राबशील एकटी?” दादा म्हणाला. “तुझंच ओझं उतरवलं.”

“मला विचारलंस?”

“आईला विचारलं की.”

आई खाली पडलेल्या सुपाऱ्या वेचत होती. ती वेचत पुढच्या झाडाखाली सरकली. दादाचं एक वेळ सोसलं असतं. आई माझ्याबरोबर रोज एका ताटात जेवत होती.

“मग मी कोण?”

“असं काय करतेस? पार्टनर ना तू!”

“ते तुझ्या कचेरीत म्हण. मला नावाने हाक मार.”

तेव्हापासून तो नावानेच हाक मारतो.

मक्ता संपून वाडी परत माझ्याकडे आली. मधल्या वाऱ्यापावसात पडलेल्या पोफळींच्या जागा भरायच्या आहेत. घरचं रोप एकही नाही, शेजारच्या वाडीतून मागून आणावं लागेल. अजून गेलेले नाही.