हर्षदाताईच्या ओळखीचं बोट

खेळता खेळता समोरचा पडदा एकदम काळा झाला, तेव्हा मला वाटलं वीज गेली. पण डोक्यावरचा पंखा फिरत होता आणि हेडफोनमध्ये गाणंही चालू होतं. मान वळवून पाहिलं, तर मागे एक ठेंगणी, सावळी मुलगी मॉनिटरच्या बटणावर बोट ठेवून उभी होती.

"थांबलास कशाला? गाणं चालूय ना? वाजव."

"अहो, काही दिसत नाहीये."

"मघाशी दिसत होतं, तेव्हा तरी कुठे बरोबर वाजवत होतास?"

ही हर्षदाताईची आणि माझी पहिली भेट. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोमागे, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तिच्या मामाचं गेमिंग कॅफे होतं. मामा नावापुरता; सगळा कारभार तिचा. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. ठाकुर्लीहून ठाण्याला यायचो आणि कॉलेज सुटलं की तिथे जाऊन बसायचो. बाकीची मुलं बंदुकांचे खेळ खेळत. मला वेड होतं ते तालाच्या खेळाचं. पडद्यावर वरून चार रांगांतून चौकोन घसरत खाली येतात. गाण्याचा ठोका पडतो त्याच क्षणी ते खालच्या रेषेवर टेकतात आणि नेमकं तेव्हा त्या रांगेचं बटण दाबायचं. ऐकायला सोपं आहे. जलद गाण्यात सेकंदाला दहा-बारा चौकोन येतात, तेव्हा बोटांना आपलं नावही आठवत नाही.

पडदा बंद करायची तिची सवय साऱ्या कॅफेला माहीत होती. कोणी डोळ्यांनी खेळतोय, कानांनी नाही, असं वाटलं की ती मागून येऊन बटण दाबायची. मुलं चिडायची. एकदा एकाने तिला "ताई, पैसे देऊन खेळतो आम्ही" असं सुनावलंसुद्धा. तिने शांतपणे त्याच्या वेळेत दहा मिनिटं वाढवून दिली आणि पडदा तसाच बंद ठेवला.

बटणाला ती कळ म्हणायची. शाळेतल्या कम्प्युटरच्या बाईंकडून उचललेला शब्द, असं सांगायची. मी बटणं बडवतो म्हणून पहिल्या आठवड्यात मला रोज एकच वाक्य ऐकावं लागलं. "कळ मारू नकोस रे, कळ काढ!" मी वेग वाढवायला गेलो की म्हणायची, "वेग हा न बोलावता येणारा पाहुणा आहे. बोलावलास की रुसतो. तू चुकायचा थांब, तो आपोआप दारात उभा राहील."

आणि ती नुसतं बोलायची नाही. माझं मनगट दुखायचं. तिने एक दिवस खुर्ची वर केली, माझी कोपरं टेबलाच्या पातळीत आणली, मनगट टेबलाच्या कडेवरून उचलायला लावलं. दोन आठवड्यांत दुखणं गेलं. गाणं आधी सत्तर टक्के वेगाने लावायचं, तीनदा एकही चौकोन न सोडता वाजवायचं, मगच थोडं वाढवायचं. जिथे अडतं तेवढाच तुकडा काढून घोटायचा. आणि हात दुखला की त्या दिवसापुरता खेळ बंद, मग कितीही गयावया करा. एरवी ती कमी बोलायची. सकाळी कॅफे उघडायच्या आधी एकटीच बसून एक गाणं वाजवायची, मग लहान ब्रशने सगळे कीबोर्ड साफ करायची.

कॅफेच्या भिंतीवर एक पांढरा फळा होता. त्यावर एका गाण्यातले सगळ्यांचे आकडे लिहिलेले असत. ते गाणं इतकं पळायचं की आम्ही त्याला आगगाडी म्हणायचो. सगळ्यात वर हर्षदाताई, शंभरात अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. तिच्याखाली मी, चौऱ्याण्णव. चार महिने मी त्या चौऱ्याण्णववर अडकून होतो. तेवढ्यात अकरावीतली एक मुलगी आली आणि दोन आठवड्यांत पंच्याण्णव करून माझ्या वर जाऊन बसली. हसत हसत माझे आभार मानून गेली, "दादा, तुमचं बघूनच शिकले" म्हणाली. मी त्या दिवशी घरी जेवलो नाही.

पुढे जे केलं ते सांगायला अजून लाज वाटते. घरच्या कम्प्युटरवर मी एक प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्यात गाणं निम्म्या वेगाने वाजवता यायचं आणि ते रेकॉर्डिंग पूर्ण वेगाने वाजवल्यासारखं जतन व्हायचं. नव्याण्णव पॉइंट एक. पेनड्राइव्ह घेऊन मी दुसऱ्या दिवशी कॅफेत गेलो आणि घरी खेळलो म्हणून सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पाठीवर थापा मारल्या. हर्षदाताईने रेकॉर्डिंग एकदा पाहिलं. मग मार्कर घेतला आणि फळ्यावर तिच्या स्वतःच्या नावाच्या वर, तिच्या त्या गोल अक्षरात, माझं नाव लिहिलं.

"उद्या जरा लवकर ये," एवढंच म्हणाली. "कॅफे उघडायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी कॅफेत आम्ही दोघंच होतो. तिने माझं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. त्या खेळात प्रत्येक ठोक्याला एक बारीक रेघ उमटते. घाई झाली तर मध्यापासून डावीकडे, उशीर झाला तर उजवीकडे. तिने त्या रेघांवर बोट ठेवलं.

"इतके महिने मी तुझा हात बघतेय. तुझी डावी तर्जनी कायम केसभर उशिरा येते. गाणं नवीन असो, जुनं असो. इथे ती वेळेवर आलीय. प्रत्येक वेळी." तिने रेकॉर्डिंग बंद केलं. "हे बोट माझ्या ओळखीचं नाय, केदार."

मी म्हणालो, "घरचा कीबोर्ड नवीन आहे."

"हा पण नवीनच आहे. कालच लावलाय. बस."

बसलो. पहिले आठ ठोके सरळ हुकले. एक्याण्णव आले. तिने आकड्याकडे पाहिलं, डस्टर माझ्यासमोर ठेवलं आणि आत चहा टाकायला गेली. ती बाहेर आली तोवर मी माझं नाव पुसलं होतं. माझ्यापुढे कप ठेवत ती म्हणाली, "घे. गार होईल." थोड्या वेळाने मुलं आली. फळ्यावरचं नाव कुठे गेलं असं कोणीतरी विचारलं. "त्यालाच पुसायचं होतं," ती म्हणाली आणि कीबोर्ड झाडायला लागली.

मी जायचा बंद झालो. स्टेशनला जाताना खोपटचा रस्ता टाळायचो, लांबून वळसा घ्यायचो. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला.

"परीक्षा आहे का तुझी?"

"नाही."

"हात दुखतोय?"

"नाही, ताई."

"मग येत का नाहीस?"

फोनमध्ये तिच्या मागून, कॅफेखालच्या डेपोतल्या एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "हे बघ, चुकलं तिथूनच परत सुरू करायचं नसतं. त्याच्या थोडं मागून करायचं. ये तू."

मी गेलो, आणि तिने खरंच मला मागून सुरुवात करायला लावली. महिनाभर निम्मा वेग, सोप्यातलं सोपं गाणं. माझ्या शेजारी बसून ती डाव्या तर्जनीच्या वर पेन्सिल आडवी धरायची. मी बोट नको तितकं वर उचलतो, म्हणून ते खाली यायला उशीर होतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. बोट पेन्सिलीला लागलं की ती फक्त "हं" म्हणायची. पहिल्या दिवशी किती "हं" झाले ते मोजायचं मी सोडून दिलं. माशी बसते तसं बसव, म्हणायची. माशी काय आपटते का?

पाचेक महिन्यांनी एका दुपारी आगगाडीत मला शहाण्णव पॉइंट आठ मिळाले. ती मागेच उभी होती. तिला आकडा दिसत होता, तरी विचारलं, "किती?"

"शहाण्णव पॉइंट आठ."

"तुझेच ना?"

"माझेच."

तिने फळ्यावर लिहिलं. ती अकरावीतली मुलगी तोवर सत्त्याण्णववर पोचली होती, मी तिच्या खालीच राहिलो. त्या दिवशी मात्र घरी जाऊन पोटभर जेवलो.

पुढच्या वर्षी ती इमारत पुनर्विकासाला गेली. मामाने कॅफे बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी आम्ही चार-पाच जणांनी मॉनिटर जिन्यावरून खाली टेम्पोत नेले. सगळं रिकामं झाल्यावर आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. मी इतके महिने पोटात ठेवलेलं विचारलं, "तेव्हा मला सगळ्यांसमोर का नाही बोललीस? वर माझं नाव स्वतः लिहिलंस."

ती ओढणीने हात पुसत होती. "बोलले असते तर तू खेळ सोडला असतास. खोटं कुठे सोडलं असतंस?"

त्यानंतर मी तिला एकदाच भेटलो, तिच्या हळदीला. लग्न उरणला ठरलं होतं. आता ती तिकडेच असते, अधूनमधून फोन होतो, कीबोर्डला हात लावायला वेळ नाही म्हणते. तिचं घर ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात होतं, हे मला माहीत होतं. पण तिने घरचं कधी फारसं सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. दुपारी चारला पोचलो तर अंगणात मांडव, बायकांच्या हिरव्या-पिवळ्या साड्या आणि मध्ये बँड. बँडच्या पुढे गळ्यात ताशा अडकवलेला एक काटकुळा म्हातारा. त्याच्या हातातल्या काड्या दिसत नव्हत्या, नुसता आवाज येत होता. दाट, तरी एकेक दाणा वेगळा.

"माझे बाबा," हर्षदाताई म्हणाली. पाटावर बसलेली, हात-तोंड हळदीने माखलेलं.

"मग तू पण वाजवतेस?"

ती हसली. "बाबा पोरींना ताशा देत नाय. लहानपणी डब्याच्या झाकणावर वाजवायचे मी, ते घरी यायच्या आत. मग मामाकडे तो खेळ आला. कम्प्युटरला काय कळतं, पोरगा बसलाय की पोरगी!"

हे बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, बापाच्या हातांकडे पाहत होती. त्यांच्या लक्षात आलं असावं. की कोणी आधीच त्यांच्या कानावर काही घातलं होतं, कोण जाणे. गाणं संपलं. त्यांनी गळ्यातला पट्टा काढला, ताशा आणून तिच्यासमोर ठेवला आणि काड्या पुढे केल्या.

"वाजव."

"बाबा, हळद हाय हाताला."

"लागू दे."

बायका हसल्या. नवरी मुलगी ताशा वाजवणार म्हणून कोणी मोबाइल काढले. तिने काड्या हातात घेतल्या, एकदा बोटांत फिरवून पाहिल्या आणि सुरुवात केली. आधी अगदी हळू. मग तो न बोलावलेला पाहुणा आला. बँडमधल्या ढोलवाल्याने हळूच ठेका धरला. बाबा मान खाली घालून, डोळे मिटून उभे होते. मला त्यांचा अंगठा दिसत होता. लेंग्यावर तो ठोके धरत होता आणि मधेच कुठेतरी थबकत होता.

ती थांबली तेव्हा मांडवात आरडाओरडा झाला, कोणी शिट्ट्या मारल्या. बाबांनी कोणाकडे पाहिलं नाही. ते तिच्याजवळ खाली वाकले आणि हळू आवाजात विचारलं, "किती चुकलीस गो?"

"तीन."

"चार."

ती विचारात पडली. ओठ हलवून मनातल्या मनात सगळं पुन्हा वाजवून पाहिलं तिने. मग मान वर केली. डोळे भरले होते, हळदीवरून पाणी ओघळत होतं.

"हो, बाबा. चार."

ते तसेच तिच्यासमोर जमिनीवर बसले. ढोलवाल्याकडून एक जास्तीची काडी मागून घेतली, दुसरी तिच्या हातातून काढली आणि चौथी चूक जिथे झाली होती तिथला तुकडा ताशाच्या कडेवर वाजवून दाखवला. तिने उरलेल्या एका काडीने तो परत वाजवला. बँड खोळंबला होता, पंगतीची पानं मांडून झाली होती, आतून दोनदा हाका आल्या. दोघांपैकी कोणीच उठलं नाही.