डागवाला रिसीव्हर आणि आमची मंडळी

नगरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. आम्ही रायफलचा रिसीव्हर बनवतो. रिसीव्हर म्हणजे बंदुकीचा मधला सांगाडा; बाकी सगळं त्यातच बसतं. मी आणि शेळके अण्णा त्याची मापं तपासतो. दिवसभर दोघांनी एकाच वस्तूकडे टक लावून बघायचं, म्हटल्यावर मापापेक्षा किस्सेच जास्त निघणार ना!

अण्णा पारनेरचे. तोंडाला फाटक नाही.

एकदा एका रिसीव्हरवर काळा रंग नीट चढलाच नाही. बाजूला हा एवढा पांढुरका डाग! आम्ही गेज लावला, मायक्रोमीटर फिरवला. मापं एकदम टकाटक.

आमचे मॅनेजर थोरात साहेब आले आणि डाग बघूनच किंचाळले, "असला चेहरा घेऊन हा गिऱ्हाइकाकडे जाणार?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "सायेब, तुमच्या गालावर कांजन्याचे वण हायेत. तरी तुमाला मॅनेजर केलंच की!"

त्या दिवशी साहेबांनी आमच्या खोलीतला चहा बंद केला.

*

असाच दुसरा डागाळलेला निघाला. साहेबांनी तो परस्पर पॉलिशला पाठवला. तिथल्या गड्याने मन लावून घासला. परत आला तेव्हा असा चकाचक, की त्यात बघून भांग पाडावा!

मी माप घेतलं. बाजू घासून पातळ झालेली. थेट भंगारात.

मला खरंच वाईट वाटलं. चांगला पीस होता हो!

अण्णा म्हणाले, "डाग हुता तवा पास हुता. पार्लरला पाठवून मारला बिचाऱ्याला."

*

आमच्या खोलीत एसी आहे. गरम धातू फुगतो, माप चुकतं, म्हणून माल आधी तिथे थंड करायचा. मे महिन्यात मात्र मालापेक्षा माणसंच जास्त थंड होतात! एकदा अकाउंट्सचे भोसले तिथल्या खुर्चीत चक्क घोरत होते. साहेब दारात उभे.

"भोसले, इथे काय चाललंय?"

भोसले डोळे न उघडता म्हणाले, "माल अजून गरम आहे साहेब. माप घेऊ नका!"

*

अण्णा बेलापूरला मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला गेले. पंगतीत कुणीतरी विचारलं, "पाव्हनं, काय करता?"

"रायफलीचं काम बघतो."

झालं! पुढचा प्रत्येक वाढपी आधी अण्णांच्या पानाशी. जिलबी, परत जिलबी, नको म्हणायची सोय नाही. शेवटी नवरदेवाचा बाप हळूच कानाशी आला, "पाव्हनं, मानपानात कमी राहिलं आसंल तर बोला. पर पिशवी तेवढी मांडवाबाहेर ठिवा."

पिशवीत वहिनींची साडी होती!

*

आणि मग आली पहिल्या मोठ्या ऑर्डरची तपासणी. ती पास झाली तरच पुढचं काम मिळणार होतं. तपासायला गिऱ्हाइकाकडून एक बाई आल्या होत्या. कडक इस्त्री, कमी बोलणं. त्यांनी लॉटमधला एक रिसीव्हर उचलला, आणि नेमका डागवाला!

बाईंनी सगळी मापं स्वतः घेतली. मग डागावर बोट ठेवलं. "हे काय?"

मी "रंग..." म्हणेपर्यंत साहेब बोलून बसले, "मॅडम, ते डिझाईन आहे!"

"ड्रॉइंगमध्ये दिसत नाही."

"नवीन आहे मॅडम. आम्ही मुद्दाम देतो."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा मन लावून गेज पुसत होते.

बाईंनी बाकीचे रिसीव्हर एकेक उलटसुलट करून पाहिले. सगळे काळेभोर, स्वच्छ. त्यांनी पेन काढलं.

"मग हा एकच बरोबर आहे. बाकीच्यांवर डिझाईन नाही. ते सगळे नापास."

साहेब पेनाला आडवे आले. आणि आख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असे ओरडले,

"डाग आहे मॅडम! आईशप्पथ, डागच आहे!"