सहाशे चाळीस यार्डांवर

टॅलो क्रीक गावात डेलमर ऑस्टबीला ओळखत नाही असं माणूस नव्हतं, आणि शाळेच्या बसगाड्या हे काही त्याचं कारण नव्हतं. बसगाड्यांची इंजिनं तो एकतीस वर्षं दुरुस्त करत आला होता. पण मोंटानाच्या त्या कोपऱ्यात इंजिन कुणालाही खोलता येतं. डेल ओळखला जायचा तो न मारलेल्या हरणांसाठी. ऐन हंगामात, डोक्यावर झाडासारखी शिंगं मिरवणारा नर समोर उभा असताना, हा माणूस रायफल खाली ठेवून डबीतलं सुकं मांस चघळत बसायचा. म्हणायचा, "माझ्या अंतरात नाही."

त्याचं अंतर तीनशे यार्ड. ते त्यानं ठरवलेलं नव्हतं, मोजलेलं होतं. दर ऑगस्टमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तो नव्या शिकाऱ्यांचा वर्ग घ्यायचा, तेव्हा त्यांनाही तो हेच मोजायला लावायचा. जेवणाची कागदी ताटली माळावर टांगायची, आधी दोनशे पावलं धावायचं, मग धापा टाकत सेज नावाच्या रानझुडपात आडवं पडायचं आणि पाच गोळ्या झाडायच्या. पाचही ताटलीत बसल्या तर ते अंतर तुमचं. एक जरी बाहेर गेली, तर पन्नास यार्ड पुढे या. मोठमोठे बढाईखोर दीडशेवर येऊन थांबायचे.

वर्गाच्या शेवटी तो एक वाक्य सांगायचा. बावीस वर्षं तेच. "गोळी सुटली की हरीण तुमचं झालं. ते सापडेपर्यंत घरी यायचं नाही."

मागल्या वर्षीच्या वर्गात कॉर्विन पेसेक होता. चव्वेचाळीस वर्षांचा, रस्ते सपाट करायचं यंत्र चालवणारा, अबोल माणूस. मुलगी शिकायला परगावी गेली आणि रविवार रिकामे झाले, म्हणून या वयात शिकायला आला. त्याचं अंतर भरलं दोनशे. त्याला त्याची लाजही वाटली नाही, गर्वही नाही. वहीत लिहून घेतलं, पेन्सिलीनं.

नोव्हेंबरमध्ये एका दुपारी त्यानं डोंगराच्या धारेवरून बायकोला फोन केला. "मार्लिस, हरणाला लागलंय, पण नीट लागलेलं नाही. पाय असावा. शोधूनच येतो, डेलनं सांगितलंय तसं." दुपार कलता कलता बर्फ सुरू झालं आणि चार दिवस थांबलं नाही. त्याची गाडी धारेच्या पश्चिमेला सापडली, म्हणून अख्ख्या गावानं पश्चिमेचे उतार पिंजून काढले. डेल बर्फात कमरेइतका बुडून चालला. सातव्या दिवशी शेरीफनं शोध थांबवला.

त्या संध्याकाळी मार्लिस डेलच्या गाडीच्या काचेशी आली. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "त्याला परत फिरायचं कधी ते का नाही शिकवलंत?"

पुढच्या ऑगस्टमध्ये डेलनं वर्ग घेतला, पण शेवटचं वाक्य आलं तेव्हा तो नुसताच फळा पुसत राहिला. मुलांना वाटलं, संपलं. सगळे उठून गेले.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्याच्या भाचीचा नवरा रॉयस केटनर त्याला शिकारीला घेऊन निघाला. रॉयस बिलिंग्ज शहरात गोदाम सांभाळायचा, तोंडाचा फटकळ आणि मनाचा मोकळा. त्यानं नवी रायफल घेतली होती, तिच्यावर हातभर लांब दुर्बीण, खाली दोन पायांचा टेकू. लोखंडी पाटीवर त्यानं हजार यार्डांवरून नेम साधला होता आणि ते त्याचं वाटेत तीनदा सांगून झालं होतं.

"डेलमामा, तुमची ती रायफल संग्रहालयवाले कधी नेणार?"

"आधी तुला नेतील. एवढं बोलणारं जनावर त्यांच्याकडे नाही."

"हसा हसा. आज मी सातशेवरून पाडून दाखवतो."

"पाटी पाय काढत नाही, रॉयस. पाटी जखमी होऊन डोंगर चढून जात नाही."

सकाळी नऊच्या सुमारास ते लँटर्न घळीच्या पश्चिम काठावर पोचले. कॉर्विनची गाडी जिथं मिळाली होती त्याच्या पूर्वेला, चार मैलांवर. घळ खोल, तळाशी कोरडा ओढा, समोरच्या उतारावर मातकट खडक आणि वाकडीतिकडी जुनिपरची झाडं. डेलला ती जागा कधीच आवडली नव्हती. का, ते त्याला सांगता आलं नसतं. इथं आपलाच आवाज परत यायला जरा जास्त वेळ लागतो, असं त्याचा बाप म्हणायचा.

त्या दिवशी तर आवाजच नव्हता. कावळा नाही, खार नाही. ऊन स्वच्छ पडलेलं, आणि तरीही कुणीतरी श्वास रोखून बसावं तशी हवा.

"तो बघा," रॉयस कुजबुजला.

समोरच्या उतारावर, छातीपर्यंत झुडपात बुडालेला एक नर उभा होता. जाड मान, रुंद शिंगं. तो चरत नव्हता. थेट त्यांच्याकडे बघत होता.

रॉयसनं अंतर मोजायच्या यंत्रातून पाहिलं. "सहाशे चाळीस. मामा, हे माझ्या अंतरात आहे. वाराही नाही." तो पालथा झाला, टेकू उघडला, काडतूस आत सरकवलं.

"आपल्या इथं वारा नाही," डेल म्हणाला. "घळीत बघ. मधल्या गवताचे शेंडे बघ कसे झुकलेत. तिथून गोळी जाताना दोन फूट बाजूला जाईल. आणि पोचायला पाऊण सेकंद लागेल. तेवढ्यात त्यानं एक पाऊल टाकलं तर पोटात बसेल."

"तो हलत नाहीये. पाच मिनिटं झाली, कान पण हलवला नाही."

हे खरं होतं, आणि हेच डेलला खटकत होतं. चाळीस वर्षांत असं हरीण त्यानं पाहिलं नव्हतं. माणसाचा वास आला की ते पळतं, नाही आला तर चरतं. हे दोन्ही करत नव्हतं. पाहुण्यांची वाट बघत दारात उभं राहावं, तसं ते उभं होतं.

"त्याच्या मागे काय आहे?" डेलनं विचारलं.

"डोंगर."

"डोंगर आहे हे मलाही कळतं. मागे काय आहे ते बघितलंस का? चुकली तर गोळी कुठं जाणार?"

"तुम्ही बघा आणि मला सांगा. माझा चाप तयार आहे."

डेलनं आपली मोठी दुर्बीण दगडावर टेकवली आणि हरणाच्या मागचा उतार हातभर हातभर तपासायला लागला. झुडूप. खडक. खडकावरचं गेरूच्या रंगाचं शेवाळ. वर एक जुनिपर, त्याच्या बुंध्याशी कपार. कपारीतही तसंच, जरा फिकट शेवाळ. दुर्बीण पुढे सरकली आणि त्याची नजर आपोआप मागे आली. शेवाळाला बाह्या नसतात.

हरणाच्या जेमतेम दहा पावलं मागे, कपारीत पाठ टेकून, एक माणूस बसला होता. डोक्यावर टोपी, हनुवटी छातीवर. बसणं असं निवांत की डेलच्या तोंडून हाक निघता निघता राहिली.

"रॉयस, बोट काढ."

"काय झालं?"

"चापावरचं बोट काढ. काडतूस बाहेर काढ. मागे माणूस आहे."

रॉयसनं ते केलं. मग आपल्या हातभर दुर्बिणीतून पाहिलं. "मामा," तो म्हणाला, "मी याच्याचकडे नेम धरून होतो. दहा मिनिटं. मला दिसलाच नाही."

त्यांनी हातवारे केले, हाका मारल्या. माणूस हलला नाही. हरीणही नाही.

घळ उतरून चढायला तासभर लागला. ओढा ओलांडल्यावर पहिल्याच झुडपावर डेलला फीत दिसली. प्लॅस्टिकची, एके काळी भगवी असावी, आता जवळजवळ पांढरी. वीस पावलांवर दुसरी, मग तिसरी. डेलनं तिसरीची गाठ बोटांत धरून पाहिली. रक्ताचा थेंब दिसेल तिथं फीत बांधायची, म्हणजे मागे वळून पाहिलं की जनावर कुठल्या रोखानं गेलं ते कळतं. हे तो वर्गात शिकवायचा. गाठसुद्धा त्यानंच शिकवलेली होती, दोनदा पीळ देऊन.

"कुणाच्या आहेत या?" रॉयसनं विचारलं.

"कॉर्विनच्या."

फितींच्या मागे मागे ते चढत गेले. हरीण अजून तिथंच होतं. शंभर पावलांवर, मग साठ, मग तीस. रॉयस डेलच्या पाठीशी इतका चिकटून चालत होता की त्याचा श्वास मानेवर लागत होता. "हे पळत का नाही?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "मामा, हे पळत का नाही?"

पंधरा पावलं उरली तेव्हा ते वळलं आणि झुडपाबाहेर आलं. पुढचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तिथं जुनी, भरून आलेली, केस नसलेली गाठ होती. तीन पायांवर डुलत, अजिबात घाई न करता ते जुनिपरच्या वरून निघून गेलं.

कपारीतला माणूस कॉर्विनच होता. अकरा महिन्यांत त्याचं जे व्हायचं ते झालं होतं. जाड कोटाच्या आत हाडंच होती. पण सगळी जागच्या जागी. कोल्ह्यांनी, अस्वलांनी शिवलेलं नव्हतं. रायफल मांडीवर आडवी. शेवटची फीत डोक्यावरच्या फांदीला बांधलेली. आणि त्याच्या बुटांच्या बाजूला, मातीत, एक गोल खोलगट जागा होती, हरणाच्या बसण्यानं दबलेली. त्यात केस होते. माती ताजी होती.

रॉयस बाजूला जाऊन ओकला. डेल टोपी काढून उभा राहिला.

दुपारी शेरीफचा माणूस आला, ग्रोव्हर टेश नावाचा, मापून बोलणारा. त्यानं कॉर्विनच्या रायफलचा खटका मागे ओढला. आतून एक जिवंत काडतूस बाहेर पडलं. "एक झाडलं, आणि दुसरं भरून ठेवलं. ते मात्र झाडलं नाही," ग्रोव्हर म्हणाला. छातीवरच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वही होती. त्यानं वाचली आणि न बोलता डेलपुढे धरली.

*२.१०. रक्त, थोडं.*
*२.४०. रक्त. इथं बसला होता.*
*३.३०. बर्फ. ठसे बुजतायत.*
*४.५०. कपारीत आहे. मी पण आलो. आत आल्यावर दिसला. हाताच्या अंतरावर. माझ्याकडे बघतोय.*

त्याखाली आणखी एक ओळ होती, पण अक्षरं एकात एक शिरली होती. एकच शब्द लागत होता: "उबदार".

"बोटं गारठली असतील. चाप ओढता आला नसेल," ग्रोव्हर म्हणाला.

"पेन्सिल धरता आली," डेल म्हणाला.

ग्रोव्हरनं वही पिशवीत घातली आणि मार्लिसला द्यायला डेलच्या हातात ठेवली.

तिघांनी कॉर्विनला खाली आणलं. रॉयसनं घळीच्या दुसऱ्या काठापर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "मामा, मी मारली असती आणि गोळी चुकून त्याला लागली असती तर? तो मेलेलाच होता, पण..."

"तुला कुठं माहीत होतं तो मेलेला आहे ते," डेल म्हणाला. रॉयसनं मान हलवली, आणि त्या दिवसापुरता त्याच्या तोंडाचा पट्टा बंद झाला.

संध्याकाळी डेल एकटाच मार्लिसकडे गेला. ग्रोव्हरनं बातमी दिलेली होती. तिनं कॉफी ओतली.

"त्याला सापडलं का ते?" तिनं विचारलं.

"सापडलं."

"मग मारलं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. डेलनं वही टेबलावर ठेवली. "नाही. ते जिवंत आहे. तीन पायांवर चालतं. मी पाहिलं."

तिनं वही वाचली. शेवटच्या ओळीवर बोट फिरवलं, एकदा, दोनदा. "म्हणजे रात्रभर एकटा नव्हता," ती म्हणाली. मग एकदम कडवट झाली. "तुमच्या त्या वाक्यापायी गेला तो, डेल. हे मी विसरणार नाही."

"मीही नाही."

"पण त्यानं ते का मारलं नाही, ते तुम्ही शिकवलेलं नव्हतं."

"नाही. ते त्याचं त्यानंच."

ती उठली आणि त्याच्या कपात पुन्हा कॉफी ओतली. डेलला वाटलं होतं ती त्याला दार दाखवेल.

हिवाळा गेला. मे महिन्यात बर्फ ओसरल्यावर तिचा फोन आला. "मला ती जागा बघायचीय. तुम्ही चला."

ते सकाळी गेले. घळीत वाऱ्याचा मागमूस नव्हता. डेल खालच्या खडकाशी थांबला, ती एकटी वर गेली. कपारीत एक शिंग पडलेलं होतं. हिवाळ्यात गळतं तसं, एकच, पाच टोकांचं, अगदी आतल्या भिंतीशी. मार्लिसनं ते उचललं नाही. त्याच्या शेजारी पाठ टेकून ती बसली, गुडघे जवळ घेऊन, आणि समोरच्या काठाकडे बघत राहिली.

पाऊण तासानं डेलला वाटलं, तिला हाक मारावी. त्यानं वर पाहिलं आणि क्षणभर त्याला ती दिसलीच नाही. खडक, सावली, जुनिपर. माणूस नव्हतं. तो दोन पावलं वर चढला. मग तिनं हात हलवला. ती होती तिथंच.

खाली आल्यावर ती म्हणाली, "आत खरंच उबदार आहे हो. हात लावून बघा, दगड कोमट आहे."

वर अजून ऊन पडलेलं नव्हतं. कपार पश्चिमेकडे तोंड करून होती. डेलनं वर जाऊन हात लावून पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर ती गाडीत झोपली, तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारखी. टॅलो क्रीक आलं तरी डेलनं तिला उठवलं नाही. इंजिन बंद करून, तिच्या घरासमोर, तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.