बँकेच्या ओसरीवरचं तारण

शेलूबाजारला बँक आली तेव्हा मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. बँकेत कर्ज पाहणारा कारकून माझ्याच वयाचा. तो प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचा; आधी खेकसून, मग हळू, जणू पहिल्या वाक्याबद्दल समजूत घालत.

मजुरीवाल्या बाया बकऱ्यांसाठी कर्ज मागायला यायच्या. हा आधी विचारायचा, "बकऱ्या कोन चारीन?"

"पोरगी हाये ना घरी," एक बाई म्हणाली, तर त्यानं तिचा अर्ज घडी घालून परत केला. "पोरगी शाळेत जाईन. बकऱ्या चराईवाल्याकडं लाव, मंग कर्ज भेटीन."

बँकेच्या कुठल्या नियमात हे बसत होतं कोण जाणे. मला ती दादागिरीच वाटली. पण बाईला बकऱ्या मिळाल्या आणि तिची पोरगी माझ्या चौथीच्या वर्गात रोज दिसू लागली.

वार्षिक परीक्षेला नेमका चराईवाला तापानं पडला. आई गहू सोंगायला गेलेली. पोरगी मात्र पेपरला वेळेवर हजर.

"बकऱ्या कुठी हायेत वं?"

"बँकेत बांधल्या, गुरुजी."

मधल्या सुट्टीत जाऊन पाहतो, तर ओसरीच्या खांबाला तीन बकऱ्या, पुढ्यात बाभळीचा पाला आणि मॅनेजरच्या दारापर्यंत लेंड्या. मला हसू आवरेना.

"तारण हाये ते, मास्तर! बँकेतच राहीन!" कारकून खेकसला.

आता हेच हळू म्हणेल म्हणून मी थांबलो. त्यानं पाला बकऱ्यांपुढे सारला आणि हळूच विचारलं, "पोरीले गनित जमलं काय?"