चावीची वही

लोकांना पाणी प्या म्हणून सांगणाऱ्यांचा मला आता राग येतो. त्यात पहिला नंबर माझाच.

लातूरच्या एका खासगी ज्युनिअर कॉलेजात मी पर्यवेक्षक आहे. तीन वर्षांपूर्वी संस्थेने शिक्षकांसाठी एक दिवसाचं आरोग्य शिबिर ठेवलं होतं. बाहेरगावाहून वक्ते आले. त्यांचं म्हणणं असं, की तब्येत सुधारायला मोठं काही करावं लागत नाही. जिना चढा, अधूनमधून खुर्चीतून उठा, दर तासाला ग्लासभर पाणी प्या. शेवटी सगळ्यांना स्टीलची एकेक बाटली वाटली. आभार मी मानले आणि "उद्यापासून कुणाची बाटली भरलेली दिसता कामा नये" असं म्हणून टाळ्या घेतल्या.

जीवशास्त्राच्या मॅडमची बाटली मात्र संध्याकाळी पाचलाही गळ्यापर्यंत भरलेली असायची. त्या मूळच्या नांदेडच्या, लातूरला खोली करून राहायच्या. सकाळी सातचा पहिला तास त्यांचा, नंतर जादा तास. मूत्रपिंडाचा धडा त्या इतका छान शिकवत, की दुसऱ्या वर्गाची पोरं येऊन मागे बसत. एके दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी म्हणालो, "काय मॅडम, बाटली शोकेसात ठेवायला दिलीय का?"

"नाही सर, पूजेला," त्या म्हणाल्या.

गणिताचे सर म्हणाले, "मॅडमचं पोट उंटाचं आहे, सर."

सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसलो.

आता कुलपाचं सांगतो. पहिल्या मजल्यावर शिक्षिकांसाठी एक स्वच्छतागृह आहे. विद्यार्थिनी ते वापरतात, घाण होतं, अशी तक्रार आली म्हणून शिबिराच्या सहाएक वर्षं आधी मीच त्याला कुलूप लावायला लावलं. चावी माझ्या टेबलावर. ती दोनदा हरवली, तेव्हा मी वही सुरू केली. नाव, चावी नेल्याची वेळ, आणल्याची वेळ, सही. संस्थेच्या सचिवांनी ती वही बैठकीत उंच धरून दाखवली. "याला म्हणतात शिस्त!" मला बरं वाटलं होतं. माझ्या टेबलापाशी कायम कुणी ना कुणी बसलेलं असतं, पालक, शिपाई, पुस्तकं विकायला आलेले लोक. त्यांच्यादेखत बाईमाणसाने यायचं, चावी मागायची, वेळ लिहायची, सही करायची. यात मला काही वावगं दिसलं नाही. उलट कुणाला यायला उशीर झाला तर मी घड्याळाकडे बघायचो. हे लिहायची लाज वाटते, पण बघायचो.

शिबिरानंतरच्या हिवाळ्यात मॅडम वर्गातच थंडी वाजून खाली बसल्या. अंगात सणकून ताप. भावाने त्यांना नांदेडला दवाखान्यात नेलं. आठवड्याने स्टाफच्या वतीने मी भेटायला गेलो. लघवीचा संसर्ग वर चढला होता आणि एका मूत्रपिंडाला इजा झाली होती. खाटेजवळ त्यांची आई बसलेली. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तुमीच का ते सर? चावीवाले?"

"माय, गप बस," मॅडम म्हणाल्या.

"का गप बसू? सर, तुमच्या कॉलेजात बायामाणसाला मुतायला जागा न्हाई का?"

"आहे ना, मावशी. स्वतंत्र आहे. कुलूप लावून स्वच्छ ठेवलेली..."

"कुलूप! अन् ही पोरगी खोलीवरून निघताना चहा बी घेत न्हाई. सहा वर्सं झाले. म्या इचारलं तर म्हणती, माय, पाणी पेलं की जावं लागतं, अन् जायचं म्हनलं की मागावं लागतं."

मी मॅडमना म्हणालो, "तुम्ही मला सांगायचं होतं."

त्या थकल्या होत्या, तरी हसल्या. "सर, वही दर शनिवारी तुम्ही तपासता. माझी सही कधी दिसली का त्यात?"

मी दर शनिवारी शेवटच्या ओळीखाली रेघ मारून सही करत होतो. सहा वर्षांत एका बाईचं नाव एकदाही आलं नाही, हे मला दिसलं नाही.

परतीच्या बसमध्ये लोह्यापर्यंत मला त्यांच्या आईचा राग येत होता, चारचौघांत असं बोलतात का म्हणून. मग त्या पाणी पाजणाऱ्या वक्त्याचा. मग मॅडमचा, तोंड का उघडलं नाही म्हणून. अहमदपूर मागे पडल्यावर रागवायला दुसरं कुणी उरलं नाही. मी किनवटच्या वसतिगृहात वाढलो. आम्ही पोरं झाडाआड जायचो, कुणाच्या बापाला विचारत नव्हतो. जन्मात कधी मला या गोष्टीसाठी सही करावी लागली नाही, आणि मी बायकांकडून सह्या घेत होतो! आणि वर त्यांना म्हणत होतो, पाणी प्या!

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं. सचिवांनी बोलावून घेतलं. "सर, घाण होईल."

"होऊ द्या. धुऊ."

"अहो, शिस्त तुम्हीच लावली ना?"

"म्हणूनच मी काढतोय."

दीड महिन्याने मॅडम रुजू झाल्या. थट्टा सगळ्यांसमोर केली होती, म्हणून माफीही स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मागितली. गणिताचे सर वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. मॅडम म्हणाल्या, "माफी राहू द्या, सर. तुम्ही आत जाऊन बघितलंय का कधी?"

नव्हतं बघितलं. त्या मला घेऊन गेल्या आणि बाहेर थांबल्या. मी आत गेलो. दिवा नव्हता. दार लावलं तर ते आपोआप उघडलं. आतल्या बाजूला स्क्रूची चार भोकं होती, कडी नव्हती.

"मग तुम्ही बायका काय करायच्या?"

"दोघी दोघी जायच्या. एक आत, एक बाहेर दार धरून. बाकीच्या नवाला येतात, सर. सातला मी एकटीच, नंतर त्यांच्या सुट्टीत माझे जादा तास. माझं दार कोण धरणार होतं?"

बाहेरून कुलूप होतं, वही होती, माझी सही होती. आतून कडी नव्हती. मला सहा वर्षं ज्याचा अभिमान होता, ते हे.

शिपायाला सांगितलं नाही. मागच्या गल्लीतल्या दुकानातून कडी आणि दिवा आणला, पेचकस घेतला आणि स्वतः बसलो. वीस मिनिटं लागली. वीस मिनिटांच्या कामासाठी एका बाईच्या मूत्रपिंडाला इजा झाली, हे कुठल्या शिबिरात सांगणार?

मॅडमनी आत जाऊन दोनदा कडी लावून पाहिली. आतूनच म्हणाल्या, "घट्ट बसत नाही, सर. जरा वर घ्या."

त्या बाहेर आल्या. मी स्क्रू काढले आणि पुन्हा सुरुवात केली.