बुटकी विकणे आहे

जुन्या गाड्यांच्या धंद्यात गाडी जाते, किस्सा मागे राहतो. यवतमाळजवळ लोहाऱ्याला, दारव्हा रोडवर आमचं यार्ड आहे. मी विकणारा, मुश्ताकभाई मिस्त्री. आम्ही दोघांनी मिळून काय काय विकलं याचा हिशेब नाही, पण संध्याकाळी चहाला चार मित्र जमले की विषय निघतात ते त्या गाड्यांच्या मालकांचे आणि गिऱ्हाइकांचेच. आणि कोणीतरी म्हणतंच, "सुधाकर, तो बुटकीचा सांग." बुटकीचा एक असता तर सांगून मोकळा झालो असतो.

आधी आमच्या धंद्याची भाषा समजून घ्या. "थोडं काम आहे" म्हणजे इंजिन उतरवावं लागेल. "डॉक्टरची गाडी" म्हणजे डॉक्टर तिच्यात एकदा बसले होते. "घरगुती वापर" म्हणजे लग्नसराईत भाड्याने फिरलेली. गिऱ्हाइकालाही ही भाषा येते. तो त्या मानाने भाव पाडून मागतो आणि दोघांचं छान जमतं. मी या भाषेतला पंडित. मी हात घातला आणि गाडी विकली गेली नाही, असं कधी झालं नव्हतं. नाना येईपर्यंत!

*

नाना म्हणजे बोरी अरबजवळच्या एका जिनिंगचे, कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीचे, मालक. कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. आमच्या यार्डात विकायला आलेल्या मोटारसायकलींची रांग फाटकापर्यंत जायची, आणि जिल्ह्यातली एकेक जिनिंग बंद पडत होती. नानांचीही पडली. त्यातच डोळ्यांत काचबिंदू. जवळचं कसंबसं दिसायचं, लांबचं सगळं धुकं. मुलाने ठरवलं, दसऱ्यानंतर बाबांना पुण्याला न्यायचं. नाना तयार झाले. प्रश्न एकच होता, बुटकीचा.

बुटकी ही नानांची विलायती स्पोर्ट्स कार. लाल रंगाची, दोनच माणसांची, कापडी छताची. कापसाच्या बऱ्या दिवसांत नागपूरच्या एका बॅरिस्टरकडून हौसेने घेतलेली. इतकी बसकी, की चौकात बैलगाडी शेजारी थांबली तर आत बसलेल्याला बैलाचं पोट दिसे. बुटकी हे नाव बोरीच्या लोकांनीच ठेवलं. मुलाने स्पष्ट सांगितलं होतं, पुण्यात पार्किंग एकच आहे, दसऱ्यापर्यंत विकली गेली नाही तर भंगारात.

नाना स्वतः आले, काठी टेकत. म्हणाले, "सुधाकर, मले ती रस्त्यावर चालताना पाह्यजे. भंगारात नाही, अन् कोणाच्या हॉटेलसमोर शोभेले तं नाहीच." मी म्हटलं, नाना, पंधरवड्यात विकतो. मग ते म्हणाले, माझी एक अट आहे. गिऱ्हाईक येईल तेव्हा मी इथे बसणार, आणि तिचे ऐब, तिच्यात काय काय बिघडलंय ते, मी सांगणार. सगळे आणि आधी.

ही त्यांची जिनिंगची सवय. कापसाची गाडी फाटकात आली की नाना बाही वर करायचे, खांद्यापर्यंत हात खुपसून तळाचा कापूस बाहेर काढायचे. वर चांगला आणि खाली ओला कापूस भरणारे काही कमी नव्हते. तो पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा बघायचा. वाईट निघाला तर "घरी न्या", चांगला निघाला तर "काटा करा", म्हणजे वजन करा, माल घेतला. तिसरा शब्द नाही. वरचा कापूस ते बघायचेही नाहीत.

"तळ पाह्यल्याबिगर मी कोणाचा कापूस घेतला नाही," नाना म्हणाले. "आता माह्या गाडीचा तळ झाकून ठेवू काय?"

आणि बुटकीला तळ म्हणावा असा नव्हताच. डाव्या बाजूचा पत्रा गंजून गेला होता, पायाखाली रस्ता दिसायचा.

*

पहिलं गिऱ्हाईक यवतमाळचे एक डॉक्टर. बुटकी बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मी मनातल्या मनात पेढे वाटले. तेवढ्यात नानांनी खुर्चीतून सुरुवात केली. खालचा पत्रा गेला आहे. रिव्हर्स पडत नाही. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असतो, टाकी भरलेली असो की कोरडी. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो. शेजारचं दार आतून उघडत नाही. रेडिएटर जीपचा आहे. गादीत स्पंज नाही, आमच्या जिनिंगची रुई आहे, तीही बसलेली. लाल रंगाखाली दुसरा रंग आहे, तो कोणता ते मलाही आठवत नाही.

मी दोनदा खोकलो. चहा सांगितला. मुश्ताकभाईने मागे उगाच एक इंजिन सुरू करून आवाज केला. नाना आवाज चढवून पुढे बोलतच राहिले.

डॉक्टर म्हणाले, "चांगलं काय आहे मग?"

"इंजिन," नाना म्हणाले. "पण ते तुमी इचारल्यावर सांगतलं."

डॉक्टरांनी चहा घेतला, नानांचे डोळे तपासले आणि निघून गेले. दोन थेंब लिहून दिले, त्याची फी घेतली नाही, एवढाच त्या दिवसाचा फायदा.

*

मग एक ठेकेदार आला. वाहनांतला जाणकार. नानांची यादी त्याने शांतपणे ऐकली आणि मला बाजूला घेतलं. म्हणाला, "जो माणूस न इचारता एवढं सांगते, तो लपवून काय राह्यला असन?"

त्याला शपथेवर सांगितलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा मिस्त्री घेऊन आला. तो मिस्त्री अर्धा दिवस बुटकीच्या खाली झोपून होता. नानांनी सांगितलेले सगळे ऐब सापडले, वेगळा एकही सापडला नाही. ठेकेदाराचा चेहरा आणखी पडला.

"सापडलाच नाही म्हणजे लयच मोठा असन," म्हणाला, आणि गेला तो गेलाच.

*

मी विचार केला, पेपरात छोटी जाहिरात देऊ. नाना म्हणाले, मजकूर मी सांगतो. मी लिहून घेतला आणि यवतमाळला जाहिरात घेणाऱ्या मुलीसमोर ठेवला. तिने पहिल्या चार ओळी वाचल्या, पेन खाली ठेवलं आणि मला अगदी सहानुभूतीने विचारलं, "काका, गाडी विकायची आहे की तक्रार करायची आहे?"

जाहिरात छापून आल्यावर फोन बरेच आले. एकालाही गाडी नको होती. दिग्रसच्या एका निवृत्त मास्तरांनी तर नुसतं अभिनंदन करायला फोन केला. म्हणाले, मुलीसाठी स्थळं बघतोय, तुमच्या नानांच्या ओळखीत कोणी असेल तर सांगा, त्यांच्यावर विश्वास बसला.

*

एवढ्यात मुश्ताकभाईला राहवलं नाही. यादीतला निदान एक ऐब कमी करू म्हणून त्याने नानांना न विचारता हॉर्न दुरुस्त केला. डावीकडे वळवून दाखवली, हॉर्न गप्प. पुढच्या गिऱ्हाइकासमोर मात्र यादी सुरू झाली आणि हॉर्नपाशी आली. "हॉर्नचा तार मिस्त्रीनं जोडला हाये. जोड किती टिकन त्याची ग्यारंटी नाही. अन् कदी वाजन, ते आता सांगता येत नाही."

आधी ऐब साधा होता, आता त्यात धास्ती आली! मुश्ताकभाई कपाळावर हात मारून म्हणाला, "नाना, इससे तो पुरानाच ऐब अच्छा होता."

*

पुढचं गिऱ्हाईक प्लॉटचा धंदा करणारे एक शेठ. गळ्यात साखळी, बोटांत अंगठ्या. त्यांनी यादीकडे लक्षच दिलं नाही. म्हणाले, आधी कळंबला चिंतामणीला नेतो, देवाच्या दारात उभी करतो, मग टोकन. आमच्या फाटकातून उजवीकडे गेलं की यवतमाळ आणि तिथून पुढे कळंब. डावीकडे दारव्हा आणि बोरी. शेठ उजवीकडे भुर्रकन गेले. नाना मागून ओरडून सांगत होते, रिव्हर्स पडत नाही, पुढं मोकळं असेल तिथंच घाला.

शेठने ती मंदिराजवळच्या बोळात घातली. पुढे नारळाचं दुकान. मागे जाता येईना, पुढे सरकता येईना. दर्शनाला आलेली माणसं जमली. शेवटी चौघांनी बुटकीचा मागचा भाग उचलला आणि तिचं तोंड फिरवून दिलं, शेठ आत बसलेले असतानाच. शेजारचं दार आतून उघडत नाही हे तोवर शेजारी बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवतींनाही कळलं होतं.

परत आले ते घामाघूम. म्हणाले, "रिव्हर्स खरंच पडत नाही हो!"

नाना म्हणाले, "मंग मी काय सांगतलं?"

"सुधाभाऊच्या यार्डात कोणी खरं सांगन, हे कसं ध्यानात येईन?"

मुश्ताकभाई इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मला राग आला होता, हे कबूल करतो. पण राग शेठचा नव्हता. दसरा जवळ आला होता आणि माझी सगळी विद्या त्या म्हाताऱ्यापुढे फुकट जात होती. तरी मी मुश्ताकला म्हटलं, ही गाडी विकली जाणार, लिहून ठेव.

*

दसऱ्याच्या आधी मुलाने भंगारवाल्याला पाठवलं. भला माणूस होता. त्याने बुटकीला एक चक्कर मारली आणि वजनाचा अंदाज घेऊ लागला. मी म्हटलं, इथे तरी नाना गप्प बसतील. कसले गप्प बसतात! म्हणाले, "खालचा पत्रा नाही, वजन कमी भरन. अन् इंजिन चालू हाये, पाहून घ्या." चाचपडत आत बसले आणि किल्ली फिरवली.

बुटकी पहिल्या झटक्यात सुरू झाली. काय आवाज होता तो! भंगारवाला हातातला तराजूचा आकडा खाली ठेवून ऐकत उभा राहिला. इंजिन बंद झाल्यावर मला म्हणाला, भाऊ, मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, तोवर बघा कोणी मिळते काय. जाताना त्याने बॉनेटवरची धूळ आपल्या गमछाने पुसली.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी सुजाताताई आल्या. दारव्ह्याला बायकांना मोटार शिकवण्याचा क्लास चालवायच्या. स्वतःच्या कमाईने दोन गाड्या घेतलेल्या बाई. मी त्यांना ओळखत होतो, कारण त्यातली एक मीच विकली होती. "थोडं काम आहे" म्हणून! त्याबद्दल त्यांनी मला तेव्हा जे सुनावलं, ते इथे सांगत नाही.

त्यांनी नानांना नमस्कार केला. म्हणाल्या, माझे बाबा तुमच्या जिनिंगवर कापूस आणायचे, बोरीचे मेश्राम. मी गाडीवर कापसात बसून यायची. नानांना बाबा आठवले. "मेश्राम बैल बांधाच्या आधी सोताच गाडीचा तळ उघडून दाखवे," ते म्हणाले. मग त्यांनी यादी सुरू केली. खालचा पत्रा, रिव्हर्स, पेट्रोलचा काटा.

बाई ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, ड्रेसची बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि सरळ जमिनीवर आडव्या झाल्या. बुटकीच्या डाव्या बाजूने, खालच्या त्या भोकातून त्यांनी हात वर घातला. नाना बोलायचे थांबले. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं.

हात बाहेर आला तेव्हा मुठीत गादीची रुई होती. बाई उठल्या. पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून त्यांनी हळूच ओढला, धागा उजेडात पाहिला आणि मग तो नानांच्या तळहातावर ठेवला. नानांनी तो बोटांनी चाचपला.

सुजाताताई म्हणाल्या, "नाना, काटा करा."

नानांनी रुई खिशात ठेवली आणि किल्ली काढून दिली. उरलेले ऐब त्यांनी सांगितलेच नाहीत.

बाईंनी छत मागे टाकलं, इंजिन सुरू केलं आणि फाटकाकडे निघाल्या. आम्ही तिघं मागे उभे. नाना धुक्यात बघितल्यासारखे समोर बघत होते, मान जरा वाकडी करून. मी सांगणारच होतो की नाना, बुटकी फाटकापर्यंत पोचली. तेवढ्यात मुश्ताकभाईचा तो जोड सुटला आणि हॉर्न वाजायला लागला. लांब जाईपर्यंत वाजत राहिला.

नाना म्हणाले, "डावीकडं वळली."